पारखी

धातू हातात असला की माणसाला तो ओळखता येतो. रंग बघायचा, वजन अजमावायचं, वाजवून नाद ऐकायचा, सोनं असेल तर कसोटीच्या दगडावर घासायचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळी शिशाची, तांब्याची नाणी चालत होती, आणि तगरच्या बाजारात नाणं घेणारा ते बोटांत फिरवून बघितल्याशिवाय कनवटीला लावत नसणार. पण तोच धातू पाण्यात विरघळला की या साऱ्या खुणा पुसल्या जातात. रंग जातो, नाद जातो, वजन जाणवत नाही. उरतो तो आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला एकटा अणू, चहूबाजूंनी पाण्याच्या रेणूंनी वेढलेला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर असू नये, पारा ०.००१ मिलिग्रॅमच्या वर असू नये. इतकासा धातू डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. हंडाभर पाणी नितळ दिसतं आणि आपण ते पितो.

अशा लपलेल्या धातूची पारख करणारा एक जण आहे. चिमूटभर नारिंगी भुकटी, एवढंच त्याचं बाह्य रूप. रसायनशास्त्राच्या वहीत त्याचं नाव सॅलिसिलिडीन-ऑर्थो-ॲमिनोफेनॉल असं लिहितात. नाव लांबलचक, अंगकाठी मात्र लहान: कार्बनचे १३ अणू, हायड्रोजनचे ११, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा एकच. फ्लुरोसंट सेन्सर, म्हणजे चमकून खबर देणारे रेणू, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गोतावळ्यातला हा एक साधा, जुना आणि गरीब घरचा रेणू. त्याच्या कुळात दिमाखदार नावं पुष्कळ आहेत. मला हा जवळचा वाटतो, कारण आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही बीएस्सीच्या प्रयोगशाळेत तो जन्माला येऊ शकतो आणि जिल्ह्याच्या पाण्याला त्याचा उपयोग होऊ शकतो.

त्याचा जन्म बघण्यासारखा असतो. एक पालक सॅलिसिलाल्डिहाइड, कडू बदामाच्या वासाचं तेलकट द्रव. दुसरा ऑर्थो-ॲमिनोफेनॉल, हवा लागली की काळवंडत जाणारे स्फटिक. दोघांना सम प्रमाणात अल्कोहोलमध्ये घालून गोल बुडाच्या चंबूत उकळायचं. हे अल्कोहोल म्हणजे आपल्या साखर कारखान्यांच्या मळीतून निघतं तेच. थोड्याच वेळात दोघांच्या मिलनातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनचा एक दुहेरी बंध तयार होतो. फिक्या द्रावणाला नारिंगी झाक येते, गार होताना काठावरून सुया धरू लागतात. असा बंध जोडायची रीत ह्यूगो शिफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६४ साली दाखवली, म्हणून या साऱ्या घराण्याला शिफ बेस म्हणतात. महागडं उपकरण लागत नाही, दुर्मीळ रसायन लागत नाही. गाळणकागदावर वाळवलेल्या त्या सुया एका बाटलीत भरल्या की पारखी कामाला तयार.

आता त्याचा स्वभाव. त्याला अल्कोहोलमध्ये विरघळवून अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरलं, तर तो जवळजवळ गप्प असतो. हा दिवा म्हणजे दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसलाच. पारख्यावर प्रकाश पडतो, तो प्रकाश पितो, त्याचे इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात. पण खाली उतरताना तो ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपानं परत देत नाही. कुठे जाते ती? त्याचा दुहेरी बंध सैल असतो, तो वळतो, मुरडतो. त्याच्या एका ऑक्सिजनवरचा हायड्रोजन टुणकन शेजारच्या नायट्रोजनवर जातो आणि परत येतो. वरच्या पायरीवर त्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपासचा. एवढ्या वेळात या हालचालींतून सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. करकरणारी सैल बाज जशी झोपणाऱ्याचं वजन चारी दिशांना हलून वाया घालवते, तसं हे. तिची सुंभाची वीण ताणून बांधली की ती स्थिर होते. पारख्याला ताणून बांधणारा असतो धातू.

योग्य धातूचा आयन समोर आला की पारखी त्याला तीन हातांनी धरतो: दोन्ही टोकांचे ऑक्सिजन आणि मधला नायट्रोजन. धरताना ऑक्सिजनवरचे हायड्रोजन सोडून देतो. एका बाजूला सहा अणूंचं कडं बनतं, दुसऱ्या बाजूला पाच अणूंचं. आता वळायला, मुरडायला जागा राहत नाही, हायड्रोजनची उडीही थांबते. ऊर्जा बाहेर पडायच्या चोरवाटा बंद झाल्या, आणि उरला तो एकच सरळ मार्ग, प्रकाशाचा. नळीतलं द्रावण हिरवट-पिवळं उजळून निघतं. आधीच्या आणि नंतरच्या नळीतला फरक इतका स्पष्ट असतो की पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण हा कुणालाही हात देत नाही. त्याची खरी ओढ ॲल्युमिनियमकडे. अमेरिकेचे राल्फ पिअर्सन यांनी १९६३ साली आयनांच्या या आवडीनिवडींना एक चौकट दिली. लहान आकाराचे, जास्त विद्युतभार घट्ट बाळगणारे आयन कठोर. ते ऑक्सिजनसारख्या कठोर जोडीदाराकडेच ओढले जातात. मोठे, सहज आकार बदलणारे आयन मृदू. त्यांना गंधक भावतं. ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार आणि आकार अगदी लहान. पारख्याच्या दोन ऑक्सिजनांमध्ये तो चपखल बसतो. पारा मृदू, त्याला इथे करमत नाही. सोडियम, पोटॅशियम नुसते शेजारून जातात. कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची पकड सैल. तांबं आणि लोह मात्र पारख्याचा हात धरतात आणि दिवा लागू देत नाहीत. त्यांच्या अर्धवट भरलेल्या इलेक्ट्रॉन-कक्षा पारख्याची ऊर्जा स्वतःकडे खेचून घेतात. नमुन्यात लोह भरपूर असेल तर ॲल्युमिनियम असूनही पारखी मंद राहतो. म्हणून त्याच्या अंधाराचा अर्थ लावताना घाई करू नये. त्याचा उजेड म्हणजे साक्ष आहे. त्याचा अंधार मात्र दोन गोष्टी सांगू शकतो: ॲल्युमिनियम नाही, किंवा आहे पण कुणीतरी त्याचं तोंड दाबून धरलंय.

चमकून खबर देणाऱ्या या रेणूंच्या घराण्याचा इतिहास जुना आहे. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणावर अदृश्य जंबुपार किरण सोडले आणि त्यातून निळा उजेड निघताना पाहिला. आलेल्या प्रकाशापेक्षा परतणारा प्रकाश साधारणपणे कमी ऊर्जेचा असतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १८६७ साली स्वित्झर्लंडच्या फ्रेडरिक गोपेल्सरोडर यांनी मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य ॲल्युमिनियमच्या संगतीत हिरवं चमकतं हे नोंदवलं आणि त्यावरून ॲल्युमिनियम ओळखायची पद्धत सुचवली. मोरिन मिळतं ते तुतीच्या कुळातल्या एका झाडाच्या लाकडातून. पेरूच्या पानांतही ते असतं. म्हणजे धातू शोधायला चमक वापरायची कल्पना आली तीच मुळी ॲल्युमिनियमपासून, आणि एका झाडाच्या रंगातून. आपला नारिंगी पारखी त्या मोरिनचा वारसदार. मोरिन झाडानं घडवलं, हा माणसानं घडवला. दोघांची धरायची रीत सारखीच: मुख्यतः ऑक्सिजनच्या हातांनी.

घराण्यातल्या इतरांनी मोठं नाव कमावलं. रॉजर त्सिएन यांनी १९८०च्या दशकात फ्युरा-२ सारखे रेणू घडवले. ते जिवंत पेशीत शिरून कॅल्शियमची लाट कुठून कुठे गेली हे प्रकाशातून सांगतात. हृदयाचा स्नायू आकसताना, चेतापेशी बोलताना आत कॅल्शियम कसं चढतं-उतरतं, हे माणसानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते या रेणूंमुळे. त्सिएन यांना २००८ साली हिरव्या चमकत्या प्रथिनावरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. श्रीलंकेत जन्मलेले ए. प्रसन्ना डिसिल्वा यांनी बेलफास्टमध्ये अशा रेणूंच्या रचनेचं तत्त्व मांडलं: एका बाजूला धरणारा भाग, दुसऱ्या बाजूला चमकणारा भाग आणि मध्ये लहानसा दुवा. धरणारा हात रिकामा असला की त्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून चमक विझवतो. हात भरला की उडी थांबते आणि दिवा लागतो. या तत्त्वावरचे रेणू पुढे रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मोजणाऱ्या रुग्णालयांतल्या यंत्रांत गेले. याच घराण्यात एक भाऊ असाही आहे, जो पारा दिसला की स्वतःचं गंधक त्याला देऊन टाकतो. पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. एकदाच बोलतो आणि संपतो.

महाराष्ट्रातही या घराण्याची वस्ती आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रशाळेतून, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या फ्लुरोसन्स प्रयोगशाळेतून धातूंचे आयन ओळखणारे रेणू आणि सूक्ष्मकण गेली कित्येक वर्षं घडवले जात आहेत. धाराशिवला मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तिथे रसायनशास्त्राचा विभाग आहे; उमरगा, तुळजापूर, कळंब, परंडा इथे महाविद्यालयं आहेत. शिफ बेस बनवणं हा इथल्या एमएस्सीच्या मुलामुलींना परका प्रयोग नाही. पारख्याला जन्म द्यायला जिल्हा समर्थ आहे. प्रश्न पुढचा आहे: जन्मल्यावर त्याला कुठे कामाला लावायचं?

आणि इथेच मला या पारख्याविषयी जे सांगायचं आहे त्यापाशी आपण येतो. शोधनिबंधात त्याची परीक्षा होते ती ठरलेल्या पद्धतीनं. शुद्ध मिथेनॉलमध्ये किंवा मिथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात त्याला विरघळवतात. समोर पंधरा-वीस नळ्या, प्रत्येकीत एकेका धातूचा शुद्ध क्षार. एकच नळी उजळते, तिचा फोटो छापतात. पॉल जॉब यांच्या १९२८च्या पद्धतीनं एका धातूला किती रेणू धरतात ते काढतात, बेनेसी आणि हिल्डेब्रँड यांच्या १९४९च्या समीकरणानं पकड किती घट्ट ते काढतात. कमीत कमी किती धातू कळतो तो आकडा लिहितात. हे सगळं आवश्यक आहे, मेहनतीचं आहे, त्याचा मला आदर आहे. पण मिथेनॉल कुणी पीत नाही. पारख्याला खरी हाक आहे ती विहिरीची, बोअरची, टँकरची, धरणाची.

आपलं पाणी कसं आहे? हा सगळा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर, बालाघाटच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या उतारावर वसलाय. काळा दगड झिजत जातो तसे कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरतात, सोबत बायकार्बोनेट येतं. म्हणून आपलं बोअरचं पाणी जड. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर चढतो. सामू सातच्या वर, बऱ्याचदा आठच्या आसपास. उन्हाळ्यात पातळी खोल गेली की क्षार आणखी दाट होतात. शुद्ध मिथेनॉलमध्ये वाढलेल्या पारख्याला या पाण्यात उतरवलं की त्याच्याभोवती पहिल्यांदा गर्दी होते. ज्या ॲल्युमिनियमला तो शोधतोय त्याच्या एका आयनामागे कॅल्शियमचे हजारो आयन. प्रत्येकाची पकड सैल असली तरी गर्दी ती गर्दीच.

मग ॲल्युमिनियम या पाण्यात शोधायचंच कशाला? कारण आपणच ते घालतो. पहिला पाऊस झाला की तेरणा, बोरी, सीना या नद्यांचं पाणी मातीनं लालकाळं होतं. घरोघर बायका हंड्यात तुरटी फिरवतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पोत्यांनी तुरटी पडते. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके बनवतं, त्या पुंजक्यांना मातीचे कण चिकटतात आणि सगळं तळाला बसतं. काम झालं की ॲल्युमिनियमही गाळाबरोबर खाली जायला हवं, आणि बहुतांश जातंही. पण हा हायड्रॉक्साइड सर्वांत कमी विरघळतो तो सहा ते सातच्या दरम्यानच्या सामूत. सामू आठच्या पुढे गेला की तो पुन्हा विरघळू लागतो आणि ॲल्युमिनेट होऊन नितळ पाण्यात राहतो. म्हणजे ज्या भागातलं पाणी अल्कधर्मी, तिथे तुरटीचं प्रमाण सांभाळणं जास्त निकडीचं. भारतीय मानकात ॲल्युमिनियमची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालतं. तुरटी वाईट नाही. तिनं कित्येक पिढ्यांना गढूळ पाण्यातल्या रोगांपासून वाचवलं आहे. ती किती घालायची हे अंदाजावर सोडणं वाईट, आणि अंदाजाच्या जागी मोजमाप आणायला हा पारखी मदत करू शकतो.

एका ठिकाणी तर हे मोजमाप जिवावरचं आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या रक्ताला डायलिसिसच्या एका बैठकीत शंभराहून अधिक लिटर पाण्याचा पातळ पडद्यापलीकडून संपर्क येतो. आतड्यातून ॲल्युमिनियम फारसं शोषलं जात नाही आणि जे शोषलं जातं ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. या रुग्णाला ही दोन्ही कवचं नाहीत. १९७६ साली अमेरिकेत ॲलन आल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या काही रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साचल्याचं दाखवलं. वाचा अडखळणं, झटके येणं, स्मृती जाणं असा तो आजार होता. पुढे डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमशी त्याचा संबंध स्पष्ट झाला, आणि आज त्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. डायलिसिसची सोय आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचते आहे ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यासोबत पाणी तपासायची सोयही पोचली पाहिजे. पाणी गाळणारं यंत्र आतून कधी कमी पडू लागलं हे बाहेरून कळत नाही. ते सांगायला रोजच्या रोज बोलणारा कुणीतरी जवळ लागतो.

फ्लोराइडशीही पारख्याचं एक नातं आहे, थोडं उलटं. फ्लोराइडला ॲल्युमिनियम अतिशय प्रिय. नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केलेली नलगोंडा पद्धत याच ओढीवर उभी आहे: तुरटी आणि चुना घालायचा, ॲल्युमिनियमचे पुंजके फ्लोराइडला घेऊन तळाला बसतात. पण पाण्यात फ्लोराइड असेल तर ते पारख्याच्या हातातलं ॲल्युमिनियमही ओढून नेतं आणि उजेड मंदावतो. ॲल्युमिनियम शोधणाऱ्याच्या दृष्टीनं हा अडथळा. फ्लोराइड शोधणाऱ्यानं मात्र यातूनच वाट काढली: पारखी आणि ॲल्युमिनियमची उजळलेली जोडी आधीच करून ठेवायची, तिच्यात नमुना घालायचा आणि उजेड किती विझला ते मोजायचं. एकाच रेणूचा दिवा लागणंही साक्ष आणि विझणंही साक्ष, मात्र प्रश्न कोणता विचारला हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक हवं.

पारख्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या लपवल्या तर त्याच्या साक्षीला किंमत राहत नाही. पहिली उणीव जन्मजात आहे. ज्या बंधातून पाणी बाहेर पडून तो जन्मला, त्याच बंधावर पाणी पुन्हा चाल करून येतं. पाण्यात, विशेषतः आम्लधर्मी पाण्यात, तो हळूहळू फुटून परत आपल्या दोन पालकांत विभागला जातो. म्हणून त्याचं द्रावण ताजं हवं, अल्कोहोलमध्ये बंद, अंधारात, थंड जागी. दुसरी उणीव सामूची. सामू फार खाली गेला तर त्याचे ऑक्सिजन हायड्रोजन सोडत नाहीत. फार वर गेला तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमध्ये अडकतं. ॲसिटेटचं बफर घालून सामू साडेपाच-सहाच्या आसपास आणला तरच तो मोकळेपणानं काम करतो. तिसरी उणीव गढूळपणाची: तरंगणारी माती प्रकाश विखुरते, कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्यं स्वतःच थोडी चमकतात. आधी गाळलं नाही तर ही चमक पारख्याच्या नावावर जमा होते.

या प्रत्येक उणिवेवर उपाय आहे आणि एकही उपाय महाग नाही. नमुना गाळून घ्यायचा. बफर घालायचं. लोह असेल तर ॲस्कॉर्बिक आम्लानं, म्हणजे क जीवनसत्त्वानं, त्याची अवस्था बदलून आणि फिनॅन्थ्रोलिनसारख्या दुसऱ्या रसायनानं त्याला बांधून बाजूला करता येतं. पारखी न घातलेली एक नळी शेजारी ठेवायची, म्हणजे पाण्याची स्वतःची चमक कळते. आणि सर्वांत महत्त्वाचं: त्याच विहिरीच्या पाण्याचे चार भाग करून त्यांत ठाऊक मापाचं ॲल्युमिनियम वाढत्या क्रमानं घालायचं. उजेड त्या प्रमाणात वाढला तर पारखी त्या पाण्यात खरं बोलतोय. वाढला नाही तर काहीतरी त्याला अडवतंय. प्रयोगशाळेत मानक भर पद्धत म्हणून ती शिकवतातच. ती मिथेनॉलच्या जागी गावच्या विहिरीवर वापरायची, एवढाच फरक.

त्याच्या घराण्यातली जस्ताची शाखाही आपल्या जिल्ह्याला हवी आहे. आपल्याकडे सोयाबीनचं क्षेत्र मोठं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू जास्त असल्यानं जस्त आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कृषी सेवा केंद्रात शेतकरी चिलेटेड झिंक मागतो तेव्हा तो नकळत पारख्याच्याच जातीचा रेणू विकत घेत असतो. त्यातला ईडीटीए नावाचा रेणू जस्ताला अनेक हातांनी धरून ठेवतो, म्हणून ते मातीत अडकत नाही. चिलेटेड झिंकमध्ये जस्त साधारण १२ टक्के, साध्या झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के, पण चिलेटेडचं जस्त पिकाला अधिक सहज मिळतं. जमीन आरोग्य पत्रिका २०१५ साली सुरू झाल्या, त्यांत जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं आहेत. मातीतून जस्त काढायला डीटीपीए नावाचं आणखी एक धरणारं रसायन वापरतात, आणि किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली जस्त आलं तर जमीन उणी समजतात. त्यानंतर मोजणी होते ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेली ही पद्धत आजही भरवशाची आहे. पण ॲसिटिलीनची ज्योत, प्रत्येक धातूसाठी बहुधा वेगळा दिवा, प्रशिक्षित माणूस आणि अखंड वीज, असा तिचा संसार आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. शेत आणि तिच्यामध्ये पिशवी, चिठ्ठी आणि वाट पाहणं असतं.

पारखी त्या यंत्राची जागा घ्यायला आलेला नाही. यंत्र अखेरचा शब्द देतं आणि तो त्याचाच अधिकार आहे. पारख्याचं काम त्याआधीचं: शंभर नमुन्यांतून कोणते दहा यंत्राकडे पाठवायचे हे गावातच ठरवून देणं. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या संचातून सामू, गढूळपणा, काठिण्य, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेलं क्लोरीन अशा गोष्टी कळतात. बहुतेक जड धातूंसाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच जातो. संचातली रंगांची पट्टी वाचणाऱ्या बाईला जांभळ्या दिव्याखालचा हिरवा उजेड वाचणं अवघड नाही. कागदाच्या पट्टीवर वाळवलेला पारखी, बफरची एक लहान कुपी, नोटा तपासायचा दिवा आणि तुलनेसाठी ठाऊक मापाच्या तीन-चार नळ्या एवढी सामग्री तिच्या पिशवीत मावते.

हे होण्यासाठी नवा, अधिक देखणा रेणू शोधण्याची गरज नाही. जगभर अशा सेन्सरांवर हजारोंनी शोधनिबंध निघाले आहेत आणि तरीही खेड्यातल्या पाण्याला त्यांच्यापैकी फार थोडे भेटले आहेत. गरज आहे ती जुन्या, स्वस्त, ओळखीच्या पारख्याला आपल्या पाण्याची ओळख करून देण्याची. परंड्याच्या सीनेकाठचं पाणी, तेरणेचं पाणी, नळदुर्गच्या बोरीचं पाणी, डोंगरावरच्या बोअरचं पाणी यांतलं प्रत्येक वेगळं आहे. त्या प्रत्येकात पारखी किती खरं बोलतो, कुठे गप्प बसतो, कुठे फसतो, हे कुणीतरी बसून मोजायला हवं, त्याचा तक्ता करायला हवा. तो तक्ता बेलफास्टला तयार होणार नाही. इथल्या महाविद्यालयांत, इथल्या मुलामुलींच्या हातून, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षं भरत गेला तरच तो उभा राहील.

एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे मी एवढीच मागणी करीन: तुझ्या सेन्सरच्या निबंधात मिथेनॉलचा तक्ता असू दे, पण त्याच्याखाली तुझ्या गावच्या विहिरीचाही असू दे. पहिल्या तक्त्यानं पदवी मिळते. दुसऱ्या तक्त्यानं गावाला कळतं की तुरटी किती घालायची, कोणतं बोअर पुन्हा तपासायला पाठवायचं आणि कोणत्या पाण्यावर विश्वास ठेवायचा. पारख्याची किंमत त्या दुसऱ्या तक्त्यात आहे.